बांधावरचं डुक्कर

तिरुपूर, वैशाख

आईला निरूचा लांबूनच नमस्कार,

मी बरी आहे. आता मला शर्टांना काजं करायच्या मशीनवर बसवलंय, त्यामुळे दिवसभर उभं राहावं लागत नाही. खोकलाही थांबलाय, जवळजवळ. बाबांचा गुडघा कसा आहे?

मोनेश्वरदादा फोनवर हसत सांगत होता, की आपल्या डुकरानं नदीच्या बांधाच्या पायथ्याशी एवढा खड्डा उकरलाय, की दादा स्वतः त्यात बसून आला. मला हसू आलं नाही. गावचे मुखिया म्हणून गावबुढे तुला म्हणाले म्हणे, "कापून टाक गं ते, नाहीतर त्याची मेजवानी ब्रह्मपुत्राच खाईल." आणि तू त्यांनाच झापलंस, "माझी लेक आल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही!"

अगं, मातीचाच बांध तो, पुराचं पाणी चढलं की त्या खड्ड्यातूनच फुटेल आणि घर घेऊन जाईल. लहानपणी आम्ही त्यावर घसरगुंडी खेळलो, तर काठी घेऊन धावायचीस. आता एका डुकरापुढे सगळं विसरलीस?

आई, यंदाही सुट्टी मिळणार नाही. तू डुक्कर काप. गावाला जेवू घाल, तांदळाची दारू, आपली आपाँग पाज, पण आधी सगळ्यांच्या हातात घमेली दे आणि खड्डा बुजवून घे. फुकट कुणाला जेवू देऊ नकोस, गावबुढ्यांनाही नाही.

माझा वाटा चुलीवरच्या फळीवर धुराला लाव. मी येईपर्यंत मांस टिकेल. तोवर ती चूलही तिथेच राहू दे.

इथे पोटभर जेवूनही भुकेली असलेली तुझी,
निरू