खलनायकाला कोणी शिवी देईना

मित्रवर्य शंभूभाऊ यांस,

वैजनाथचा कर्वेनगरातल्या चौथ्या मजल्यावरून मनःपूर्वक रामराम. तुमचा गुडघा, वहिनींचा दमा आणि गोठ्यातली म्हैस, सगळे आपापल्या जागी ठीक असतील अशी आशा आहे. नाटक कंपनीही बरी असेल (ही चौकशी केवळ रीत म्हणून, माझा आता त्या गोष्टींशी काही संबंध उरलेला नाही).

गेल्या हंगामात वडश्याजवळ तिसऱ्या अंकात मी चक्कर येऊन पडलो आणि नायकाने तलवार उपसायच्या आतच दुष्ट सरदार मेला म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या, हे तुम्हाला आठवत असेलच. पडद्याआडून तुम्ही तीनदा माझं पुढचं वाक्य सांगितलंत (आभारी आहे, पण मी शुद्धीवर नव्हतो). त्यानंतर आमच्या विक्रमने मला पुण्याला उचलून आणलं आणि नाटक बंद, असा हुकूम सोडला. तो कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. दिवसभर काय करतो ते मी दोनदा विचारलं, त्याने दोनदा समजावलं, आता तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटते. इथे सगळं छान आहे. लिफ्ट आहे. पंचाईत फक्त बोलण्याची. आपल्या झाडीपट्टीच्या नाटकांत पाच हजारांच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवलेला आवाज तीन खोल्यांत ठेवायचा कुठे? परवा मी चहा मागितला, तर खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी वॉचमनकरवी चिठ्ठी पाठवली, "आपला चहा झाला असल्यास आम्ही जरा पडावे काय?"

सूनबाई, म्हणजे सृष्टी, एका कॉल सेंटरात नव्या मुलांना शिकवते. गिऱ्हाइकाने फोनवर कितीही आदळआपट केली तरी आपण गोड बोलायचं, एवढाच अभ्यासक्रम. सरावासाठी तिला एक संतापलेला माणूस हवा होता. "बाबा, बसल्या बसल्या फोनवर नुसतं रागवायचं. जमेल?" असं तिने मला विचारलं (मला!). हे नाटक नव्हे, म्हणून विक्रमचीही हरकत नव्हती. मला एका खोलीत फोन देऊन बसवलं, मुलं पलीकडच्या खोलीत. हातात कागद दिला, त्यावर लिहिलं होतं, फ्रीज गार होत नाही.

आता शंभूभाऊ, खलनायक थांबतो कधी? प्रेक्षकांत बायांच्या बाजूने शिव्याशाप सुरू झाले की. तीस वर्षं मी त्याच हिशेबाने काम केलं. पहिली शिवी आली की समजायचं, पात्र पोचलं. मग आवाज उतरवायचा. इथे मी फ्रीजवरून गरजलो, तर पलीकडून उत्तर, "सर, तुमची अडचण मी समजू शकतो." मला वाटलं, रंगत नाही. आवाज चढवला. पुढची म्हणाली, "गैरसोयीबद्दल क्षमा असावी." मी विकट हसलो. फ्रीज मुठेत बुडवीन म्हणालो, मग कंपनी बुडवीन म्हणालो, मग त्या फोनवरच्या मुलाचं सबंध खानदान. तो म्हणाला, "आणखी काही मदत करू का सर?" अशी अकरा मुलं झाली. एक शिवी नाही. घशाला कोरड पडली. खरं सांगतो, मनात आलं, वैजनाथ, तू संपलास.

बारावी आली शेफाली. शहराने नुकत्याच गिळलेल्या कुठल्याशा गावातली, शेतकऱ्याची मुलगी. तिने दोन मिनिटं मुकाट्याने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मुडदा बशिवला तुझा! फ्रीजच बिघडलाय न्हवं? त्यात काय तुझा बाप ठिवला हाय का? जा, टाक जा मुठेत, आन् तू बी जा त्याच्यामागं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी फोन तसाच टाकून पलीकडच्या खोलीत गेलो आणि त्या पोरीला वाकून नमस्कार केला. ती घाबरली. सृष्टीने कपाळाला हात लावला. (मुलांपैकी तिघं आधीच रडत होती, असं तिथे गेल्यावर कळलं.) त्यांच्या साहेबांनी मला फार अदबीने सांगितलं, "आपली कला आमच्या इमारतीला मोठी होते," आणि लिफ्टपर्यंत सोडलं. शेफालीला नापास करणार, हे ऐकून मी लिफ्टमधून परत फिरलो. म्हटलं, साहेब, अकरा जणांनी आपापला कागद वाचला, माणसाचं ऐकलं ते हिनेच. तिला आणखी एक संधी मिळाली आहे.

असो. मी आता निवृत्त आहे आणि तृप्त आहे.

आपला,
वैजनाथ

ता. क. यंदा दुष्ट सरदार कोण करतोय? सहज विचारतो. बापूराव करणार असं कानावर आलं. बापूराव सज्जन माणूस, त्यांना शिवी कोण देणार? दिवाळीनंतर मी रिकामाच आहे.

ता. क. २. तुम्ही अंथरुणाला खिळला आहात आणि मला एकदा डोळे भरून पाहायची तुमची इच्छा आहे, असं मी विक्रमला सांगून ठेवलंय. त्याचा फोन आला तर पडद्याआडून वाक्य सांगता त्या आवाजात बोला. म्हशीचा विषय निघाला तरी उत्साह दाखवू नका.

ता. क. ३. शंभूभाऊजी, सत्यशीलाचा नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय, म्हणून या चार ओळी. हे पत्र लिहितात तेही मोठ्याने म्हणत. विक्रमने पलीकडच्या खोलीत सगळं ऐकलं. हसला, डॉक्टरांना फोन केला आणि दिवाळीनंतरची दोन तिकिटं काढून आणली. अट एकच, ह्यांना दोनच अंक द्यायचे; तिसऱ्यात मरायचं ते बापूरावांनी. ह्यांच्या गोळ्या घेऊन मीही येतेय. तुम्हाला म्हणून सांगते, तीस वर्षं बायांच्या बाजूने पहिली शिवी मीच घालत आले, तोंडावर पदर ओढून. मग बाकीच्या सुरू व्हायच्या. ह्यांना अजून माहीत नाही, कळू देऊ नका. त्या शेफालीची शिवी मात्र अगदी खरी होती. मी ती पाठ करून ठेवली आहे.