करमलं नाही

११ एप्रिल
नरसिंगमामाचा फोन. अण्णांनी स्पीकरवर टाकला. “भाचीला मांडवात मीच आणणार! मान हाय माझा!” सगळे हसले. मी पापड पालथे घालत होते, घालतच राहिले.
माझा हात धरून आणायचं, अक्षता पडेपर्यंत पाठीशी उभं राहायचं. त्या माणसानं!

१३ एप्रिल
सहा वर्षं झाली. नांदेडला मामाकडे राहून बी.एस्सी. करत होते. एकोणीस वर्षांची. मामी माहेरी गेलेली. त्यानं माझ्यावर बळजबरी केली.
लिहिलं एकदाचं.
दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन नायगावला परत आले. सगळे विचारायला लागले, काय झालं? मी म्हणाले, करमलं नाही. मग तेच पाहुण्यारावळ्यांत पसरलं. शिल्पा लाडावलेली, शिल्पाला करमलं नाही! अण्णा अजून चिडवतात. केलं त्यानं आणि तोंड लपवत फिरले मी. राग येतो स्वतःचा. त्याचा तर येतोच.

१५ एप्रिल
मावशीची शिवांगी रुखवत करायला आली. केवढी बडबडी होती! आता मणी ओवत गप्प बसून असते. नांदेडचं कॉलेजही सोडलं. परीक्षेचं टेन्शन, म्हणते मावशी.

१९ एप्रिल
आईला सांगितलं! ठरवून नाही. ती आहेराचे टॉवेल काढत होती. “मामाला ह्यो बरा दिसंल का गं?” आणि माझ्या तोंडून निघालं, “आई, करमलं नाही ते खोटं होतं.” मग सगळंच सांगितलं.
ती टॉवेलाची घडी घालत होती, मोडत होती. मला वाटलं, म्हणणार आता, लगीन तोंडावर आलंय, गप बस. पण म्हणाली, “चारचौघीत मी बी हसले गं तुला. लई चुकलं माझं.” रडली. मग माझ्यासमोर भावाला फोन लावला. “नरसिंग, लग्नाला यायचं न्हाई. का, ते तुला ठाऊक हाय.”
सख्खा भाऊ तिचा!
दुपारी झोपले ती थेट दिवेलागणीला उठले.

२० एप्रिल
तीन भाकरी खाल्ल्या!

२४ एप्रिल
अण्णांना आईनं सांगितलं, मला विचारून. संध्याकाळी त्यांनी आंबा कापला, फोडी सगळ्या माझ्यापुढे, कोय स्वतःला. चिडवणं बंद.

४ मे
झालं लग्न! गुरुजी माइकवर, “मुलीच्या मामांनी मुलीला आणावं.” दोनदा म्हणाले. मांडवात सगळे इकडेतिकडे बघायला लागले. आई उठली, पदर खोचला. “मामा न्हाई येणार. मी आणते पोरीला.” कुजबुज झाली, होऊ दे! तिनं हात घट्ट धरला होता, बांगड्या रुतल्या. नवरीनं खाली बघून चालायचं असतं म्हणे. मी समोर बघत चालले. इतकं हलकं वाटत होतं!

५ मे, लातूर
शिवांगी पाठराखीण म्हणून आली आहे. सकाळी तिची वेणी घालत होते. आरशात न बघता म्हणाली, “ताई, मलाबी मामाकडं करमलं न्हाई.”
कंगवा ठेवला. तिच्यासमोर येऊन बसले. ती बोलली, मी मध्ये एकदाही थांबवलं नाही.
मग विचारलं, “माझ्या आईला फोन लावू?”
“लाव.”