पहिली ‘ब’ चं कोर्ट

सोमवार, २ तारीख

आजपासून रोजनिशी. संकल्प एकच: इथे फक्त खरं लिहायचं. (बाहेरही मी खरंच बोलतो, पण इथे जास्त.) वही वर्गातल्या कपाटात, वरच्या फळीवर. घरी ठेवली तर ही वाचणार. वर्गातल्या सव्वीस पोरांना अजून जोडाक्षरं वाचता येत नाहीत, तेव्हा शाळेइतकी सुरक्षित जागा नाही.

मोठी बातमी. पर्यवेक्षकाची जागा रिकामी झालीय. वीस तारखेला कमिटी दोघांचे तास बघणार, एक मी आणि दुसऱ्या दुसरी ‘अ’ च्या बाई. मोठ्या बाईंनी चिठ्ठ्या टाकल्या. त्यांना ‘फळे आणि भाज्या’, मला ‘प्रामाणिकपणा: शब्दसंग्रह’. बिचाऱ्या. कमिटीसमोर वांगं धरून उभ्या राहणार. मी वर्गात अख्खं कोर्ट उभं करतो.

बुधवार, ४ तारीख

तास रंगला. शपथ, आरोपी, साक्षीदार, पुरावा, निकाल. शपथ म्हणजे हात टेबलावर ठेवून खरं सांगणं. साक्षीदाराने डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगायचं, ऐकलेलं चालत नाही. पुरावा म्हणजे हातात धरून दाखवता येईल अशी वस्तू. उदाहरण म्हणून ही वहीच दाखवली. म्हटलं, सर यात रोज खरं खरं लिहितात. पोरं भारावली.

टकळीला न्यायाधीश केलंय. एरवी तिचं तोंड बंद होत नाही. काळा रेनकोट घालून बसवल्यावर अचानक पोक्त झाली.

शुक्रवार, ६ तारीख

शाळेत वीस मिनिटं उशीर. मस्टरवर लिहिलं, बस उशिरा आली. खोटं नाही. मी ज्या बसने आलो ती उशिराचीच होती.

टकळीचे वडील तक्रार घेऊन आले. काल त्यांनी ऑफिसला फोन करून ताप आल्याचं कळवलं, तर हिने त्यांचा हात धरून टेबलावर ठेवला आणि शपथ घ्या म्हणाली. फोन चालू होता. मी समजावलं, शब्द वापरात आला म्हणजे शिक्षण झालं. ते म्हणाले, तुम्हाला काय जातंय. लोकांना प्रामाणिकपणा झेपत नाही.

सोमवार, ९ तारीख. मधल्या सुट्टीनंतर

किरकोळ प्रसंग. ‘नेहमी खरे बोलावे’ हा तक्ता उंच लावायचा होता. स्टूल मिळेना. ऑफिसचा नवा प्रिंटर खोक्यासकट माझ्या वर्गात ठेवलाय, तिकडे जागा नाही म्हणून. त्यावर चढलो. आतून कडकन आवाज आला. थर्माकोलचा असणार.

सुदैवाने ‘मन शांत करा’ चालू होतं. सगळ्यांची डोकी बाकावर, डोळे हातांनी झाकलेले. साक्षीदार शून्य.

तक्ता छान दिसतोय.

मंगळवार, १० तारीख

थर्माकोलचा नव्हता. खोका उघडला तर काच फुटलेली, झाकणाचे दोन तुकडे. गेटपासून वर्गापर्यंत खोका मावशींनी उचलून आणला होता, त्यामुळे संशय तिथेच गेला. झाडलोट, घंटा, चहा, पोरांच्या उलट्या, सगळं मावशीच बघतात. त्या म्हणत होत्या, मी अलगद ठेवला हो. मोठ्या बाईंनी मला विचारलं, तुमच्या वर्गात होता, तुम्ही काही पाहिलंत का? मी म्हटलं, नाही.

माझं लक्ष तक्त्याकडे होतं. पाहिलं असं खरंच काही नाही.

गुरुवार, १२ तारीख

मावशींचा करार पुढे वाढवणार नाहीत म्हणे. एक तारखेपासून दुसरी बाई येईल. अकरा वर्षं झाली त्यांना इथे.

दुपारी चहा घेऊन आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, सर, तुमचा शब्द मोठ्या बाई मानतात, एक शब्द टाका ना माझ्यासाठी. मी म्हटलं, टाकतो, योग्य वेळी. योग्य वेळ म्हणजे वीस तारखेनंतर. साध्या शिक्षकाच्या शब्दाला काय वजन? पर्यवेक्षक झालो की पहिलं काम हेच. थोडक्यात, मावशींसाठीच मला ही जागा मिळणं गरजेचं आहे. हे आधी लक्षातच आलं नव्हतं.

चहा अर्धाच घेतला. मी फार हळवा आहे.

मंगळवार, १७ तारीख

तालीम. खटला बसवलाय: कापडी सशाने पेन्सिल चोरली. साक्षी पाठ, निकाल पाठ. शेवट मला विशेष आवडलाय. टकळी विचारणार, ‘आणखी कुणाला काही सांगायचंय?’ मग सगळे दोन सेकंद गप्प. कमिटीच्या अंगावर काटा येणार.

ही म्हणाली, जागा नाही मिळाली तरी चालेल, पण आठवडाभर तोंड का पाडून बसलायत? मी म्हटलं, पित्त. दोन गोळ्या दिल्या. घ्याव्या लागल्या.

गुरुवार, १९ तारीख

सगळं तयार. मावशींनी न सांगता वर्ग पुसून लख्ख केला. त्यांच्याकडे बघायचं टाळलं. उद्यानंतर सगळं सुरळीत करायचंच आहे.

शुक्रवार, २० तारीख. पाठकोऱ्या कागदावर

वही जमा आहे.

सुरुवात झकास झाली. ससा दोषी ठरला, कमिटी खळखळून हसली. टकळीने विचारलं, आणखी कुणाला काही सांगायचंय? पहिला सेकंद शांततेत गेला. दुसऱ्याला खोडरबर उठला. हा पोरगा रोज खोडरबर हरवतो, वर्षभरात स्वतःहून एक वाक्य बोललेला नाही. सरळ पुढे आला, हात टेबलावर ठेवला आणि म्हणाला, “मावशींनी खोका नाही फोडला. सर त्यावर चढले होते.”

टकळीने विचारलं, डोळ्यांनी पाहिलं की ऐकलं? तो म्हणाला, बोटांच्या फटीतून पाहिलं. मग तिने बाकीच्यांना विचारलं. तिच्या स्वतःच्या हातासकट पंचवीस हात वर झाले. डोळे एकानेही मिटले नव्हते.

मी कमिटीला म्हटलं, या वयात कल्पनाशक्ती अफाट असते. तेवढ्यात टकळीने पुरावा मागितला आणि सव्वीस जणांनी एकाच वेळी कपाटाकडे बोट दाखवलं.

मोठ्या बाईंनी वही काढली. नऊ तारीख वाचली, मग दहा, मग बारा. एकदाही हसल्या नाहीत. (दोन-तीन ठिकाणी मजकूर बरा होता.) मग वही कमिटीच्या बाईंकडे दिली. मावशी पाहुण्यांसाठी पाण्याचे ग्लास घेऊन दारात उभ्या होत्या.

टकळीने निकाल दिला: सरांनी मावशींना सॉरी म्हणायचं. तो तालमीत नव्हता. मी सॉरी म्हटलं. मला वाटलं होतं, त्या म्हणतील, जाऊ द्या हो सर. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, “एकच शब्द मागितला होता, सर.”

मावशींचा करार तिथल्या तिथे कायम झाला. पर्यवेक्षकपद वांग्याकडे गेलं. कमिटीने शेरा लिहिला: विद्यार्थ्यांना सर्व शब्द उत्तम अवगत. माझं सोमवारी ठरणार आहे. वही कधी मिळेल विचारलं, तर मोठ्या बाई म्हणाल्या, पहिल्यापासून वाचतेय, सहा तारखेच्या बसपर्यंत आलेय, पूर्ण वाचते.

शाळा सुटल्यावर वर्गात एकटाच बसलो होतो. टकळी रेनकोट परत द्यायला आली. माझ्याकडे बघत राहिली आणि विचारलं, सर, रडताय? मी म्हटलं, नाही गं, डोळ्यात खडू गेला.

तिने माझा हात धरला आणि टेबलावर ठेवला.

मग सांगितलं तिला, हो म्हणून.