हिरवा दिवा लुकलुकत होता

प्रिय ताई,

हे पत्र टपालाने नाही, उद्या मीच तुझ्या हातात देणार आहे. समोरासमोर बोलायला लागलो की तू मला हसण्यावारी नेतेस आणि माझी बोलती बंद होते.

तू नेहमी विचारतेस, दिवसभर खुर्चीत बसून करतोस तरी काय. तर सलाईनच्या नळीला लावायचं, थेंब मोजणारं आगपेटीएवढं यंत्र आहे. त्यातली चिप नखाहून लहान, मेमरी माझ्यासारखीच बेताची. फोनमधला पसारा तिच्यात मावणार नाही, म्हणून तिचा कारभार चालवणारी प्रणाली आम्ही मुळापासून लिहितोय. हॉस्टेलला निघताना माझी बॅग तू पुन्हा भरली होतीस. 'लागेल' म्हणून कोंबलेलं सगळं काढलंस, 'लागतंच' तेवढं ठेवलंस. तेच इथे केलं. उरलं काय, तर कामांच्या पाळ्या लावणारा, एक घड्याळ आणि एक राखणदार. राखणदाराला अधूनमधून 'ठीक आहे' असा निरोप मिळाला नाही, तर तो यंत्र बंद करून नव्याने सुरू करतो.

परवा आमच्या साहेबांनी, ज्यांना आम्ही पाठीमागे खडूस म्हणतो, चालू यंत्राची थेंब टिपणारी तार उपटली. थेंब मोजणारं काम पुढच्या थेंबाची वाट बघत अडकून बसलं. यंत्रावरचा 'सगळं ठीक' सांगणारा हिरवा दिवा मात्र मजेत लुकलुकत होता. कारण निरोप द्यायचं काम मी घड्याळाकडे सोपवलं होतं; थेंब पडो न पडो, ते आपलं ठरल्या वेळी 'ठीक आहे' म्हणायचं. खडूस एवढंच म्हणाले, "हा दिवा फक्त घड्याळ चालू असल्याचं सांगतोय." कुणा रुग्णाच्या हाताला लागण्याआधी सापडलं म्हणून जीव भांड्यात पडला. आता ज्याचं काम खरंच पुरं झालं, त्यानेच निरोप द्यायचा.

त्याच संध्याकाळी तुझा मेसेज आला, 'मी बरी आहे.' भावजी गेल्यापासून रोज त्याच वेळी, तेच शब्द. ते वाचून मी रोज निर्धास्त जेवायला बसायचो. परवा मी ताट बाजूला सारलं. मी विचारलं, आज काय जेवलीस? तुझं उत्तर नाही. काल फोन उचलला नाहीस, नेहमीचा मेसेजही नाही. रात्रीची गाडी मिळाली असती तर मी कालच निघालो असतो.

आज सकाळी तू लिहिलंस, "बरी नाहीये रे. कितीतरी दिवस गॅस पेटवला नाही. येतोस?"

ताई, ते वाचून मी ऑफिसातच रडलो, आणि खरं सांगतो, इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. तू खरं बोललीस. तुझं दुःख मला मोजता येणार नाही, पण यापुढे 'बरी नाही' असंच कळवत जा, मी येईन. हे तोंडाने सांगायला मला जमलं नसतं, म्हणून लिहिलं. वाचून झालं असेल तर स्वयंपाकघरात ये. भात मी टाकलाय, पण तू मीठ कुठे ठेवतेस ते सापडत नाहीये.

तुझंच,
शेंडेफळ