खुराखालचा पाय

माय,

तुझ्यावरचा राग अजून उतरलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, माझे केस तुझ्यापेक्षा जास्त पांढरे झाले, तरी दारावरून वरात गेली की माझी कानशिलं ठणकायला लागतात. घरातल्यांना वाटतं, डीजेचा त्रास होतो.

सुरतेत, लिंबायतच्या आपल्या गल्लीत राहायचो तेव्हा कापडाच्या लूमच्या तंतूंनी बाबांची छाती आधीच भरली होती. त्यांनी कारखाना सोडून लग्नाची घोडी घेतली, आणि दोन सिझन जातात न जातात तोच ते दम्याने खाटेवर बसले. घोडी विकायचं चाललं होतं. एका संध्याकाळी तू पदर खोचून तिच्यासमोर जाऊन उभी राहिलीस. गल्लीतले हसले, बाईमाणूस वरातीत घोडी धरणार? पण ती पांढरी घोडी मुलखाची भित्री होती. ढोलाला, फटाक्याला, वाऱ्यावर उडणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीलासुद्धा बुजायची. बाबा तिला लगाम खेचून, ओरडून धरायचे. तू कधी खेचलं नाहीस. वरात निघायच्या आधी तिच्या कानांत कापसाचे बोळे घालायचीस, तिला बँडपासून लांब उभी करायचीस, आवाज अंगवळणी पडला की थोडं जवळ न्यायचीस. तिने कान मागे टाकले की एक लहानसा फेरा मारायचा, मानेच्या मुळाशी बोटांनी खाजवायचं, आणि घशातल्या घशात म्हणत राहायचं, "हो... हो... बस..." मी तेव्हा एकोणीस वर्षांची, दुसऱ्या बाजूला चालायचे. मी घाबरून लगाम आवळला की तू म्हणायचीस, "वढू नको तिले. ती वाईट नही, तिले भेव लागस. आधी तू दम घे." हसणारे पुढे स्वतःच्या लग्नांना तुलाच बोलवायला लागले.

मग सुरतेत प्लेग आला, त्याच्या पुढची लग्नसराई. भीती गेली म्हणून की काय, त्या वर्षी लोक दुप्पट फटाके वाजवत होते. पर्वत पाटियाजवळ एका कापड व्यापाऱ्याच्या मुलाची वरात. नवरदेवाच्या पुढे, घोडीवर, नटवलेलं एक लहान पोर बसवलेलं. घोडीचे कान भिरभिरतायत, तोंडाला फेस आलाय. तू हात जोडून, त्यांच्या गुजरातीत, फटाके लांब फोडा म्हणतेस, "शेठ, फटाकडा जरा आघे फोडो ने." ते हसतात. कुणीतरी घोडीला नाचवायला सांगतं, आणि दुसरा कुणी फटाक्यांची पेटती लड सरळ तिच्या पायांत टाकतो.

ती मागच्या पायांवर उठली. मला फक्त तिचं पोट दिसलं आणि त्या पोराची किंकाळी ऐकू आली. तू मागे सरली नाहीस. ती खाली आली तशी तू तिचं तोंड छातीशी धरलंस, कपाळाला कपाळ लावलंस. "हो... हो... बस..." ती थरथरत उभी राहिली. मी पोराला उतरवून घेतलं, नवरदेव धडपडत उतरला, आणि मग माझी नजर खाली गेली. तिचा खूर तुझ्या पायावर होता. चप्पल फाटून रक्त आलं होतं. इतका वेळ तुझा आवाज जरासुद्धा हलला नव्हता. तू तिच्या खांद्याला हळूच रेटा दिलास, तेव्हा तिने पाय उचलला.

इथवर मला सगळं कळतं. ह्याच्या पुढचं कळत नाही. नवरदेवाचा काका घोडीवर खापर फोडत अंगावर धावून आला, "घोडी सीधी नथी तो लग्नमां लावो छो शुं काम?" आणि तू, रक्ताने भरलेल्या पायावर उभी राहून माफी मागितलीस, "भूल थई गई, शेठ." मी ओरडले, लड कोणी टाकली ते विचारा आधी! तर तू माझ्या पाठीवर हात ठेवलास आणि त्याच आवाजात म्हणालीस, "हो... हो... बस..."

घरी तुझ्या पायावर हळद दाबताना मी विचारलं, का बोलली नाहीस?

"मी वरडनू का घोडी उधळनी समज. वर लेकरू व्हतं."

"आणि लेकरू उतरल्यावर?"

तू चुलीतलं लाकूड पुढे सारलंस. "घोडी तठेच उभी व्हती ना, बाई."

हे काय उत्तर झालं? दोन बोटं कायमची वाकडी झाली, त्या पायाने तू पुढची सगळी वर्षं फरफटत चाललीस, आणि विचारलं की एकच, "काही नही, उतरी जाई." घोडी विकली, बाबा गेले, माझं लग्न होऊन मी बमरोलीला गेले. मी माहेरी आले की तू पोटाला हात लावून बसलेली दिसायचीस. "काही नही, उतरी जाई." शेवटी उचलूनच दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टर माझ्यावरच चिडले, इतके महिने ही बाई काहीच बोलली नाही? मी तुझ्या खाटेशी रडायला लागले, तर तू सलाईन लावलेला हात उचलून माझ्या पाठीवर फिरवायला लागलीस. हो, हो, बस.

मी घोडी नव्हते, माय. मी उधळले असते तर तुला वेळेवर दवाखान्यात तरी नेलं असतं. आम्ही घाबरू नये म्हणून तू आम्हाला इतकं शांत ठेवलंस की घाबरायची वेळ आली तेव्हा कुणाला कळलंच नाही.

हे पाठवायचं कुठे? तुला अक्षरओळखही नव्हती. जिवंत असतीस तरी मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि अर्ध्यातच माझा आवाज चढला असता.

एक सांगते. मला जरा काही झालं तरी मी आख्खं घर उठवते. डोकं दुखलं, ओरडते. कंबर धरली, शेजारणीपर्यंत ऐकू जातं. सुना कंटाळल्यात. आणि खरं सांगू? कधी कधी काहीच दुखत नसतं.