मैनाबाईंची पाठवणी

सोमवार, १० नोव्हेंबर

घोडी! आमच्या पार्किंगमध्ये घोडी!

चांदवडचे भिमाजीअण्णा, कांद्याचे व्यापारी, ह्यांच्या भिक्षुकीतले जुने यजमान. वडिलांच्या वर्षश्राद्धाला अश्वदान करायचं म्हणाले. आमच्या पंचवटीत लोक गाईच्या, घोड्याच्या नावाने दक्षिणा ठेवतात आणि मोकळे होतात. ह्यांना वाटलं, हेही तसंच. "अवश्य करा" म्हणून बसले. अण्णांनी खरीखुरी आणली! संकल्प सुटला आणि शेपूट ह्यांच्या हातात.

दान घेतलेलं विकता येत नाही, परतही करता येत नाही, असं हे म्हणतात. मग काय, सोफ्यावर बसवू?

नाव मैना. उजवा गुडघा सोलवटलाय. उघड्या टेम्पोत मान आखडून बांधून आणली आणि वळणावर पडली बिचारी. बिचारी मी नाही म्हणत, आमची सई म्हणते. लेकीला काय, ती ऑफिसात. पार्किंग कोण धुणार?

मंगळवार, ११ नोव्हेंबर

सोसायटीचे सेक्रेटरी क्षेमकल्याणी वर आले. "वहिनी, रविवारपर्यंत जागा मोकळी करा, नाहीतर मीटिंग बोलवावी लागेल." म्हटलं, तुमच्यापेक्षा मलाच घाई आहे.

कळवणला माझ्या भावाला, श्रीकरला, फोन केला. शेत आहे, गोठा रिकामा आहे. "ताई, पाठव. पण धड पाठव," म्हणाला.

सकाळी हे संध्येला बसलेले. म्हणजे भिजवलेले हरभरे मी घालायचे, लीद मी उचलायची. उचलताना तोंड चालूच होतं माझं. अगं भवाने, इथे माणसं राहतात! ती आपली कान पुढे करून ऐकते आणि खाते. लाज नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

लीद. परत लीद. ह्या वेळी क्षेमकल्याणींच्या स्कूटरवर.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सईने घोडेस्वारी शिकवणाऱ्यांकडून खास घोड्यांचा ट्रेलर मिळवला. वरून बंद, खाली रबराची चटई, दोन्ही बाजूंना गाद्या, मागे चढायला उतरती फळी. ड्रायव्हर हिरामण. गल्लीत ट्रेलर शिरेना म्हणून गंगेवर, गोदावरीच्या घाटाजवळ मोकळ्या जागेत उभा केला. मैनाला तिथवर चालवत नेलं. वाटेत एका भाजीवालीची मेथीची जुडी गेली, आणि तिची बोलणी मी खाल्ली.

फळीपाशी आली आणि खिळली. अंगभर थरथर. ह्यांनी मंत्र म्हटले. सईने गूळ दाखवला. बघ्यांपैकी चौघे मागून ढकलायला सरसावले. मी ओरडले, खबरदार! परत पडली म्हणजे?

हिरामण म्हणाला, "लय भ्यालीय ती, बाई. आज नाय चढायची."

वरात परत घरी.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

हे म्हणतात, मुहूर्त चुकला. म्हटलं, उद्या घोडीला पंचांग दाखवा.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आज परत गंगेवर. परत थरथर, परत मंत्र. घरी कणीक तशीच राहिली होती, माझं डोकं फिरलं. एवढं काय आहे आत म्हणून मीच फळीवरून चढले आणि आतून सुरू झाले — बाईसाहेबांना गाडी पसंत नाही का? पालखी मागवू? तुझ्यापायी कंबर गेली माझी, जगात तोंड दाखवायला जागा राहिली नाही!

मागे खाड खाड आवाज. वळून बघते तर मैना आत! नाक माझ्या खांद्यावर!

सगळा घाट हसला. हे म्हणाले, "लग्न झाल्यापासून मी ऐकतोय, मला कुणी गाडीत घातलं नाही."

पण मी उतरले की तीही मागोमाग उतरायची, आणि चालत्या ट्रेलरमध्ये घोड्याशेजारी माणूस बसवत नाहीत. हिरामण ऐकेचना. मग सई म्हणाली, आवाज रेकॉर्ड करू. घरी येऊन मोबाइल समोर धरला. "आई, नेहमीसारखं बोल." एक शब्द फुटेना! मी काय उठसूट बोलते की काय?

तेवढ्यात ह्यांनी ओला पंचा पलंगावर टाकला. रेकॉर्डिंग भरपूर झालं.

रविवार, १६ नोव्हेंबर

गेली.

माझ्या मागोमाग चढली, मग मी बाजूच्या छोट्या दाराने बाहेर आले. मान हलेल इतकी सैल दोरी, पुढे चाऱ्याची जाळी, वर स्पीकर. सई हिरामणशेजारी पुढे बसली. दिंडोरी, वणी करत गेले. दर गतिरोधकाला जवळजवळ थांबत, मध्ये पाणी पाजत. सईचा फोन आला, "शांत उभी आहे गं! पंच्याचा भाग आला की कान टवकारते." संध्याकाळी श्रीकर म्हणाला, ताई, एक ओरखडा नाही.

क्षेमकल्याणी पेढे घेऊन आले. मी खाल्ला एक. मग सवयीने हरभरे भिजत घातले.

सोमवार, १७ नोव्हेंबर

सकाळी हरभऱ्याचं घमेलं घेऊन खाली गेले. मैनाच्या जागी स्कूटर. स्कूटरला काय बोलणार?

चहा घेताना हे म्हणाले, "आज गप्प?" पंचासुद्धा वाळत घातला होता! त्याचाच राग आला. मग रडू आलं. एवढ्याशा दिवसांत त्या बयेने जीव लावला, आणि मला कळलंच नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर

श्रीकरचा फोन. मैना धड खात नाही. रेकॉर्डिंग लावलं तर आधी दाराकडे बघत राहायची, आता कानही हलवत नाही. दारातून कुणी येत नाही हे तिला कळलंय.

बॅग भरली. हे म्हणाले, "किती दिवस?"

म्हटलं, मैनाला विचारून कळवते.