गोल वाटेवरची माघार

३ मार्च
या वहीच्या एकमेव वाचका, म्हणजे माझ्याच जिवलगा! तुझं-माझं दुःख एकच: आपलं बोलणं संपायच्या आत लोक उठून जातात. रविवारी जातील कुठे? वाचनालयाची सहल जुन्या रणभूमीच्या पार्कात. तीन किलोमीटरची गोल वाट, पाच शिलालेख, प्रत्येकापाशी माझं भाषण. ग्रंथपालबाई म्हणाल्या, सगळ्यांना नीट फिरवून आणलंत तर यंदाचं वार्षिक व्याख्यान तुमचं. सोळा वर्षं याच वाक्याची वाट पाहिली.

४ मार्च
भाषण तयार. बावीस पानं. हरलेल्या सेनापतीची सालटी काढली आहेत. नकाशा पाहिला नाही, कुणाचं ऐकलं नाही, माणसं दमवली आणि शेवटी एकटाच मागे फिरला. असल्या माणसाचा पुतळा उभारतात! मेहुण्याला वाचून दाखवलं. पोस्टातला कारकून, त्याला काय कळणार? दाजी, झकास, म्हणाला.
संकल्प: उद्यापासून रोज पाच किलोमीटर चालणे.

५ मार्च
चाललो नाही. तीन किलोमीटरसाठी सराव करायचा म्हणजे जेवणाआधी चावायची प्रॅक्टिस. नवे बूट आणले. बायको म्हणाली, दोन दिवस घरात घालून फिरा, नाहीतर चावतील. मला? बूट?

८ मार्च, रविवार, सकाळी ९
फाटकाशी बारा सभासद, त्यात मेहुणाही. बोर्डावर बाण डावीकडे. बाण रंगाऱ्याने काढलाय. इतिहास मी वाचलाय. सैन्य उजवीकडून आलं होतं. आम्ही उजवीकडे.

९.४०
पहिल्याच शिलालेखावर शरणागती. दुसऱ्यावर पराभव. म्हणजे शिलालेखच उलटे बसवलेत! सरकारी काम. भाषण तसंच रेटलं. रिटायर्ड नर्सबाईंनी विचारलं, शरण आलेले आता लढायला कधी उठणार? अडाणी प्रश्न.

१०.५०
तिसरा शिलालेख. दोन्ही टाचा सोलल्या. बाबागाडी ढकलणारी एक आई दुसऱ्यांदा समोरून आली. काका, अजून इथेच? असं विचारून गेली. हल्लीच्या मुलींना पोच नाही. मी माघारीचा हुकूम दिला. मेहुणा म्हणाला, दाजी, वाट गोल आहे, आपण मधोमध आलोय. मागे जेवढं तेवढंच पुढे. याला युद्धशास्त्र समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी मागे वळलो.
माझ्यामागे कोणी आलं नाही.

दुपारी १२.३०
फाटकाजवळच्या पुतळ्यापाशी पोचलो. बूट हातात. मंडळी केव्हाच येऊन चहा पीत बसलेली. मेहुणा उभा राहून बोलत होता आणि तेही माझंच वाक्य! नकाशा पाहिला नाही, कुणाचं ऐकलं नाही, माणसं दमवली आणि शेवटी एकटाच मागे फिरला. सगळ्यांनी आधी पुतळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. टाळ्या थांबेनात. नर्सबाईंना तर हसून ठसका लागला. वाक्य माझं आहे, हे एकाच्याही लक्षात आलं नाही.

९ मार्च
ग्रंथपालबाईंचा फोन. व्याख्यान मेहुण्याचं. विषय: हट्टी सेनापती. माझ्याकडे आभारप्रदर्शन, दोन मिनिटं. मी बाणेदार नकार देणार, तेवढ्यात बायकोने फोन घेऊन हो म्हणून टाकलं आणि भावाची तालीम ऐकायला निघूनही गेली.
मी खुर्चीत. पाय बादलीत. इतकी वर्षं लोक माझ्यासमोरून न सांगता उठले. आज पहिल्यांदा मी स्वतः सांगतो. वाचका, ऊठ, आणि कपाटावरचं मलम आण.